‘अजून कुठलं व्हिटॅमिन राहिलंय?’

वाचकाचं पत्र

डॉक्टर, मी ४६ वर्षांची, सांगली जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. घर माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. तीन वर्षं झाली, मान, खांदे, कंबर, मांड्या, तळपाय, सगळं अंग दुखतं. आठ तास झोपूनही सकाळी उठताना रात्रभर ऊस तोडल्यासारखं वाटतं. हातापायांना मुंग्या येतात. वर्गात उभी असते आणि समोरच्या पोराचं नाव आठवत नाही. रविवारी घर आवरलं की सोमवार-मंगळवार अंगात काही राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी तपासलं तेव्हा डी ११ आणि बी१२ १६८ निघालं. बी१२ची दहा इंजेक्शनं झाली. डीची पुडी आठ आठवडे सांगितली होती, पण जरा तरतरी आली म्हणून मी दर रविवारी चालूच ठेवली. थायरॉइडची गोळी सात वर्षांपासून आहे. गेल्या वर्षी टीएसएच खाली आला म्हणून ७५ची ५० केली. पित्ताची गोळी चार वर्षं रोज घेते. शिवाय कॅल्शियम, नसांची गोळी, केसांसाठी बायोटिन, मुलानं ऑनलाइन मागवलेलं मल्टिव्हिटॅमिन आणि नणंदेनं अमेरिकेहून पाठवलेलं मॅग्नेशियम. पाळी वर्षभरापासून फार जाते. हल्ली तहान फार लागते, पोट साफ होत नाही, रात्री दोनदा उठावं लागतं.

या महिन्यात डी ११८ आलं. लॅबवाला म्हणाला, मस्त आहे. दुखणं मात्र तसंच. मिस्टर म्हणतात, रिपोर्ट चांगले आहेत, तुझ्या मनाचं आहे. मला एवढंच सांगा, अजून कुठलं व्हिटॅमिन राहिलंय?

उत्तर

ताई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. कुठलंही राहिलेलं नाही. उलट तुमच्या डब्यातल्या दोन गोष्टी हे वाचून झाल्यावर लगेच बाजूला काढून ठेवायच्या आहेत: डीची पुडी आणि कॅल्शियमची गोळी.

पुडीचा हिशेब करून बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेली डीची रोजची गरज ६०० युनिट आहे. तुमची पुडी ६०,००० युनिटची, म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचं डी. पातळी ११ असताना आठवड्याला एक, अशा आठ पुड्या हा योग्य उपचार होता, आणि ज्यांनी तो दिला त्यांनी बरोबरच दिला. त्यानंतर महिन्याला एक पुडी किंवा रोजची एक-दोन हजार युनिटची गोळी पुरते. तुम्ही दोन वर्षांत शंभराच्या आसपास पुड्या घेतल्यात. डी लघवीवाटे निघून जाणारं व्हिटॅमिन नाही, ते चरबीत साठतं आणि महिनोन्महिने अंगात राहतं. जास्त झालं की आतड्यातून आणि हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात आणतं. रक्तात कॅल्शियम वाढलं की काय होतं? तहान लागते, लघवीला वारंवार जावं लागतं, पोट साफ होत नाही, मळमळतं, डोकं जड राहतं, गळून गेल्यासारखं वाटतं. पुढे मुतखडे होतात आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचते. तहान, पोट आणि रात्रीचं उठणं, ही जी तीन लक्षणं तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलीत, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली.

खरं विषारी प्रमाण साधारणपणे १५०च्या वर गणतात, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण याच आठवड्यात रक्तातलं कॅल्शियम आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासून घ्या. त्याबरोबर साखरही. तहान आणि रात्रीची लघवी ही मधुमेहाचीही लक्षणं आहेत, आणि तो आधी वगळायला हवा.

आता एक गोष्ट सांगते, म्हणजे मी व्हिटॅमिनांच्या विरोधात आहे असं तुम्हाला वाटायला नको.

मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत घरी गेले होते. आई पाटावर बसून भाजी निवडत होती. उठायची वेळ आली तेव्हा तिनं एक हात भिंतीला लावला, दुसरा गुडघ्यावर दाबला आणि टप्प्याटप्प्यानं, चढावर चढल्यासारखी उभी राहिली. चालताना डुलत होती. चार वर्षं तिला ‘वय झालं, हाडं झिजली’ असंच सांगितलं जात होतं. तेव्हा ती ४९ वर्षांची होती. आम्ही जुन्या वाड्यात तळमजल्यावर राहायचो, आमच्या दोन खोल्यांत ऊन येत नसे आणि ती दिवसभर आतच असे. मी तिच्या नडगीच्या हाडावर अंगठ्यानं दाबलं, फार जोरानं नाही, आणि ती कळवळली. तिची हाडं झिजलेली नव्हती, मऊ झाली होती. डीच्या अभावानं हाडात चुना नीट बसत नाही, त्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं निघालं आणि एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाला अर्धवट चीर दिसली. डी सुरू केल्यावर चौथ्या महिन्यात ती गच्चीवर वाळवण घालायला एकटी जिना चढून गेली. चार वर्षांत कुणीही तिच्या नडगीला हात लावला नव्हता, याचं दुःख मला अजून होतं.

म्हणून डीच्या कमतरतेचं दुखणं किती खरं असतं हे मला कुणी सांगायला नको. पण ते डी भरून निघाल्यावर जातं. तुमचं डी भरून कधीच वर गेलंय आणि दुखणं जागचं हललेलं नाही, याचा अर्थ तुमच्या दुखण्याचं मूळ तिथे नाही. जुनाट दुखण्यावर डी देऊन बघितलेल्या चाचण्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये एकत्र तपासल्या, तेव्हा औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा डीने सातत्यानं जास्त आराम पडतो असं दिसलं नाही. कमतरता असेल तर ती भरायची, एवढंच डीचं काम आहे.

उन्हाबद्दल एक सांगून ठेवते, कारण पुडी बंद म्हटल्यावर तुम्ही पहाटे अंगणात जाऊन बसाल. सकाळचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण त्यात त्वचेत डी तयार करणारे किरण फारसे नसतात. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लहान पडते, त्या वेळचं ऊन कामाचं. शाळेच्या मधल्या सुट्टीत पंधरा-वीस मिनिटं, हात आणि पाय उघडे. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यात धरू नका, काच ते किरण अडवते.

आता बी१२कडे येऊ. तिथे उलटं झालंय असं मला वाटतं. दहा इंजेक्शनं झाली आणि तुम्ही तो विषय संपला असं धरलंत. पण बी१२ कमी का झालं होतं? घर माळकरी, अंडं नाही, मासे नाहीत, आणि वर रोज पित्ताची गोळी. अन्नातल्या प्रथिनांना चिकटलेलं बी१२ सुटं व्हायला पोटात आम्ल लागतं, आणि ती गोळी नेमकं आम्लच कमी करते. ही दोन्ही कारणं आजही तशीच आहेत. म्हणजे हौदाला भोक तसंच ठेवून आपण एकदा पाणी भरलं.

यात तुम्ही एकट्या नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यात दर तिघींतल्या जवळजवळ दोघींमध्ये बी१२ कमी होतं. शेतात राबणाऱ्या, घरचं खाणाऱ्या बायका होत्या त्या.

माळ उतरवण्याचा प्रश्नच नाही. दूध-दह्यात बी१२ असतं. दोन पेले दूध आणि वाटीभर दही रोज पोटात गेलं तर रोजची गरज बरीचशी भागते. चहातलं दूध मात्र हिशेबात धरू नका. शेवग्याची पावडर, अळंबी, स्पिरुलिना यांच्या भरवशावरही राहू नका. स्पिरुलिनात जे बी१२ म्हणून दाखवतात, त्यातलं बहुतेक आपल्या शरीराला वापरता येत नाही. आणि नुसत्या दूध-दह्यानं पडलेला खड्डा भरत नाही, त्याला औषधच लागतं. १००० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी बहुतेकांना पुरते, कारण एवढ्या मोठ्या मात्रेतला एक टक्का तरी आपोआप शोषला जातो. पण मुंग्या येत असतील तर सुरुवात इंजेक्शनांनी करणं मला जास्त सुरक्षित वाटतं. ते तुमचे डॉक्टर तपासून ठरवतील. तपासताना नुसत्या बी१२वर थांबू नका, बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं होमोसिस्टीनही करा. गोळ्या चालू असताना बी१२चा आकडा फसवा येतो.

तुम्ही नसांच्या गोळीच्या स्ट्रिपचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. त्यावरचे बारीक अक्षरातले आकडे मी भिंगातून वाचले. बी१२ फक्त १५ मायक्रोग्रॅम, फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम, बी६ १०० मिलिग्रॅम. हे तिन्ही आकडे मला खटकले. पहिला का ते सांगितलंच.

दुसरा समजायला मुंबईत जावं लागेल. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक वेगळाच पंडुरोग होता, लाल पेशी कमी पण आकारानं मोठ्या. विल्स यांना असं आढळलं की यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, दिला की या बायका बऱ्या होतात. त्यातला तो घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. केवढं मोठं काम, आणि ते आपल्या परळ-लालबागच्या कष्टकरी बायकांच्या रक्तावरून उभं राहिलं! पण फॉलिक ॲसिडची एक गोम नंतर कळली. बी१२ कमी असतानाही ते रक्त सुधारवतं, हिमोग्लोबिन वर येतं, रिपोर्ट छान दिसतो, आणि आत नसांची झीज चालूच राहते. फॉलिक ॲसिड भरपूर आणि बी१२ तुटपुंजं, ही जोडी म्हणूनच मला नको असते.

तिसरा आकडा बी६चा. ‘बी व्हिटॅमिनं कितीही घ्या, जास्तीची लघवीतून जातात’ असं मेडिकलवालेही सांगतात. बी६ला ते लागू नाही. मोठ्या मात्रेत, महिनोन्महिने घेतलं तर बी६ स्वतःच नसांना इजा करतं आणि त्याचं पहिलं लक्षण असतं हातापायांना मुंग्या येणं, बधिरपणा. ज्या त्रासासाठी गोळी घेतो तोच त्रास गोळी करते, मग माणूस गोळी वाढवतो. रोज १०० मिलिग्रॅम ही अमेरिकेत धरलेली वरची मर्यादा आहे. युरोपात ती २५ होती, तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमवर आणली. तुमच्या मुंग्या बी१२च्या अभावाच्या आहेत की बी६च्या अतिरेकाच्या, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण ही गोळी थांबवून नुसतं बी१२ घेतलं तर दोन्ही शक्यतांवर एकदम इलाज होतो. मुंग्या ओसरायला काही महिने लागतात, तेवढा धीर ठेवा.

आता ज्या गोष्टीनं मी पत्र वाचताना पेन खाली ठेवलं, ती सांगते. केसांची गोळी.

बायोटिननं केसांना काय होतं ते सोडा. आपल्याकडच्या बऱ्याच लॅबमधल्या यंत्रांची तपासणीची पद्धतच बायोटिन वापरून चालते. तुमच्या रक्तात बाहेरून आलेलं ५-१० मिलिग्रॅम बायोटिन असलं की यंत्र गोंधळतं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, आहे त्यापेक्षा कमी दिसतं, आणि टी४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, जास्त दिसतं; मग थायरॉइडची गोळी जास्त होतेय असं वाटतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर सावध केलं होतं. तुमचा टीएसएच गेल्या वर्षी ‘खाली आला’ म्हणून थायरॉइडची गोळी ७५ची ५० केली. बायोटिन तेव्हा सुरू होतं का? असेल, तर तो टीएसएच खरा होता का, याची मला दाट शंका आहे. गरज ७५ची आणि मिळतंय ५०, असं असेल तर थकवा, अंगदुखी, विसराळूपणा, पोट साफ न होणं, पाळी जास्त जाणं, सगळं त्यातूनही होऊ शकतं. काही यंत्रांवर डी आणि बी१२ही बायोटिनमुळे फुगून येतं, तेव्हा ते ११८ही मी पुन्हा तपासून घेईन. तरी पुडी बंदच.

मात्र मनानं ७५ सुरू करू नका. बायोटिन थांबवून टीएसएच पुन्हा करा आणि ज्यांनी गोळी कमी केली त्यांच्यापुढे तो रिपोर्ट ठेवा. हे आधी सांगायला त्यांना केसांची गोळी माहीतच नसेल. आपण डॉक्टरांना ‘औषधं’ सांगतो, केसांची, ताकदीची, अमेरिकेची गोळी त्यात धरत नाही. पुढच्या वेळी डबा पिशवीत घालून घेऊन जा.

थायरॉइडची गोळी तुम्ही उठल्याबरोबर, बाकीच्यांबरोबर एका घोटात घेता का, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक बायका तशीच घेतात. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्यायची. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम यांनी ती आतड्यातच अडकते, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. मॅग्नेशियमबद्दल नणंदबाईंना दुखवू नका, पण अंगदुखीवर त्याचा पुरावा कमकुवत आहे. क्रिएटिनिनचा रिपोर्ट येईपर्यंत तेही राहू दे, कारण मूत्रपिंड कमजोर असेल तर ते अंगात साठतं. पित्ताची गोळी चार वर्षांनंतर एकदम तोडली तर पित्त दुप्पट उसळतं, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायची.

एवढ्या गोळ्यांत एक गोष्ट कुणीच बघितलेली दिसत नाही, ती म्हणजे लोह. पाळी वर्षभर जास्त जातेय आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन केलेलं नाही! हिमोग्लोबिन बरं असतानाही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. फ्रान्समध्ये अशाच थकलेल्या जवळपास दोनशे बायकांवर एक चाचणी झाली, २०१२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पंडुरोग नाही, पण फेरिटिन ५०च्या खाली, अशा त्या बायका. बारा आठवडे लोह घेतलेल्यांचा थकवा जवळजवळ निम्म्यानं कमी झाला. फेरिटिन करा. कमी निघालं तर लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तासभर लांब ठेवा, आणि पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. नुसतं लोह भरत बसायचं नाही.

त्याच चाचणीतला दुसरा आकडा मला तुम्हाला मुद्दाम सांगायचाय. ज्यांना लोह नसलेली, नुसती खोटी गोळी दिली होती, त्यांचाही थकवा २९ टक्क्यांनी कमी झाला. त्या बायका ढोंगी नव्हत्या. कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय, काहीतरी सुरू झालंय, यानंच माणसाला उभारी येते, आणि दुखणं तसंही चढत-उतरत असतं. आपण नवी गोळी घेतो ती दुखणं सगळ्यात वर असताना, त्यामुळे उतार गोळीच्या नावावर जमा होतो. पुडीनं तुम्हाला जी तरतरी आली, मल्टिव्हिटॅमिनच्या पहिल्या महिन्यात बरं वाटलं असेल, त्याचं कारण बहुधा हेच. अशक्तपणासाठी दोन-दोन तास लावून घेतात त्या पिवळ्या सलाईनचंही तसंच. त्यातलं पिवळं म्हणजे बी व्हिटॅमिन, रुपया-दोन रुपयांच्या गोळीत मिळणारं.

हे सगळं निस्तरलं तरी तुमचं सगळं दुखणं जाईल असं मी म्हणणार नाही. थायरॉइड, लोह, बी१२ जागेवर आल्यावर जे उरेल, त्याला बहुधा स्वतःचं नाव आहे. कमरेच्या वर आणि खाली, दोन्ही बाजूंना, तीन महिन्यांपेक्षा जास्त दुखणं, झोपूनही न उतरणारा शीण, विसराळूपणा, या चित्राला फायब्रोमायल्जिया म्हणतात. १९९० साली अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने त्याच्या निदानासाठी अंगावरच्या १८ जागा ठरवल्या होत्या, त्यातल्या ११ दाबून दुखल्या पाहिजेत असा नियम होता. २०१० नंतर निदान दुखणं किती ठिकाणी पसरलंय आणि झोप, थकवा, स्मरण किती बिघडलंय यावरून करतात. सांगलीत किंवा मिरजेत संधिवाततज्ज्ञांना एकदा दाखवा.

आणि हा पुढचा परिच्छेद मिस्टरांना वाचायला द्या.

साहेब, एखाद्या घरात एकदा चोरी झाली की पुढे कित्येक महिने वाऱ्यानं कडी वाजली तरी सगळं घर खडबडून उठतं. कडी खरंच वाजलेली असते, उठणारी माणसंही खरी असतात, आणि त्यांची झोप खरोखरच मोडते. फायब्रोमायल्जियात मज्जासंस्थेचं असं होतं. साध्या स्पर्शाचा, साध्या श्रमाचा निरोप मेंदूपर्यंत वेदना बनून पोहोचतो. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या रक्त बघतात, मज्जासंस्था किती जागी आहे ते बघत नाहीत, म्हणून रिपोर्ट चांगले येतात. तुमच्या पत्नीला दुखतंय. तीन वर्षं दुखत असताना त्या रोज शाळेत उभ्या राहतायत. रविवारचं घर आवरणं तुम्ही आणि मुलानं अंगावर घेतलंत तर ते कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त कामाला येईल.

ताई, युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी २०१७ मध्ये या आजाराचे सगळे उपचार तपासले, तेव्हा ठाम शिफारस फक्त एकाच गोष्टीला मिळाली, व्यायामाला. आता ‘उठताना जीव जातो आणि व्यायाम कसला’ असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. म्हणून एक फरक आधी तपासायचा. दोन आठवडे एका वहीत लिहा: काय केलं, किती वेळ, आणि पुढच्या दोन दिवसांत काय झालं. थोड्याशा श्रमानंतर दुसऱ्या दिवशी सपशेल कोसळणं, अंथरुणातून उठता न येणं, ताप आल्यासारखं वाटणं, असं दरवेळी होत असेल तर तो वेगळा आजार असू शकतो, त्याला एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. त्यात रेटून वाढवलेला व्यायाम नुकसान करतो. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये त्या आजारासाठी तसा व्यायाम द्यायचा नाही असं सांगितलंय. तिथे आपल्या ताकदीच्या आत राहून, कामाचे तुकडे करून दिवस काढायचा असतो.

तसं नसेल, नुसतं रविवारी चार दिवसांचं काम एका दिवसात केल्यामुळे अंग धरत असेल, तर रोज सहा मिनिटं चाला. सहाच. बरं वाटलं तरी सहाच. दोन आठवड्यांनी आठ. दुखणारा दिवस असेल तेव्हा तीन, पण शून्य नको. सहा महिन्यांत अर्ध्या तासावर पोहोचलेल्या पुष्कळ बायका मी पाहिल्यात, आणि दुखणं राहिलं तरी त्या घर, शाळा, लग्नकार्य पुन्हा करू लागल्या.

डॉक्टर रात्री ॲमिट्रिप्टिलिनची लहान मात्रा किंवा ड्युलोक्सेटिन सुचवतील. मेडिकलमध्ये कुणी ‘या डिप्रेशनच्या गोळ्या आहेत’ म्हणालं तर बिचकू नका. त्याच गोळ्या मणक्यातून वर जाणारे वेदनेचे निरोपही मंद करतात, आणि ॲमिट्रिप्टिलिन झोप सुधारायलाही मदत करतं. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत, उलट त्या पोटाला आणि मूत्रपिंडांना बाधतात. आणि हातोहात आराम देणारी बिननावाची पुडी कुणी दिली तर घेऊ नका, तसल्या पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं.

वजन आपोआप उतरत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, सांधे सुजून सकाळी तासभर आखडत असतील, पायातली ताकद जात असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर यातलं काहीही करत बसू नका, आधी दवाखाना गाठा.

केसांची गोळी आजपासून बंद करा. कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि साखर उद्याच करून घ्या, बायोटिनचा त्यांना अडथळा नाही. टीएसएच, टी४, बी१२, होमोसिस्टीन, डी, फेरिटिन आणि हिमोग्लोबिनसाठी चार दिवस जाऊ द्या. रक्त देताना लॅबवाल्याला सांगा की बायोटिन घेत होते, अमुक तारखेला थांबवलं, आणि ते फॉर्मवर लिहायला लावा. थायरॉइडची गोळी त्या दिवशी रक्त देऊन झाल्यावर घ्या. आणि टीएसएच किती आला ते मला कळवा, मी वाट बघतेय.